जॅझ फ्यूजन: नवा वादक तुम्हाला कसा सापडला?

जॅझ फ्यूजन म्हणजे जॅझमध्ये रॉक, फंक असं काही मिसळून केलेलं संगीत. नुसती नावांची यादी नको. एका वादकाकडून दुसऱ्याकडे कसे पोचलात, ते लिहा. सुरुवात मी करते.

मी अल्बमवरची साथीदारांची नावं वाचते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९६९ चा 'इन अ सायलेंट वे' हा अल्बम घ्या. वादक आठच, पण पुढचं अख्खं दशक त्यांच्यातून उलगडतं. जो झाविनुल आणि वेन शॉर्टर यांनी 'वेदर रिपोर्ट' हा बँड काढला, चिक कोरियाने 'रिटर्न टू फॉरेव्हर', जॉन मॅकलॉक्लिनने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा', टोनी विल्यम्सने 'लाइफटाइम'. हर्बी हॅनकॉक फंककडे, म्हणजे ठेक्यावर नाचवणाऱ्या संगीताकडे वळला आणि १९७३ मध्ये त्याचा 'हेड हंटर्स' हा अल्बम आला. यातल्या प्रत्येक बँडमध्ये पुन्हा नवी माणसं! 'वेदर रिपोर्ट'मुळेच मला जॅको पास्टोरियसचा फ्रेटलेस बास (पडदे नसलेली बास गिटार) सापडला, आणि बास हे गाणारं वाद्य आहे हे तेव्हा पटलं.

*

मी तबल्याच्या वाटेने आलो. झाकीरभाईंसाठी त्यांच्या 'शक्ती' या बँडचं संगीत लावलं. एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम, आणि त्यांच्या बरोबरीने समेवर येणारा हा गिटारवाला कोण? मॅकलॉक्लिन. मग त्याचा 'महाविष्णू' ऐकला तर नुसता गोंगाट वाटला. मात्रा मोजायला लागलो तेव्हा कुठे वाट सापडली. त्यांचं 'बर्ड्स ऑफ फायर' तर अठरा मात्रांत चालतं. तिथला ड्रमर बिली कोबॅम इतका आवडला की त्याचा स्वतःचा 'स्पेक्ट्रम' (१९७३) आता माझा सगळ्यात लाडका अल्बम आहे.

*

'स्नार्की पपी' या बँडचा 'वी लाइक इट हिअर' हा अल्बम व्हिडिओवर बघा, नुसता ऐकू नका. श्रोते हेडफोन लावून वादकांच्या भोवतीच बसलेत. त्यातल्या 'लिंगस' या रचनेतला कोरी हेन्रीचा कीबोर्ड सोलो चालू असताना बाकीच्या वादकांचे चेहरे बघण्यासारखे आहेत. त्या बँडमधल्या ज्याचा सोलो आवडेल त्याचं स्वतंत्र काम शोधायचं, एवढीच माझी पद्धत. बिल लॉरन्स आणि मार्क लेटिएरी असेच मिळाले.

*

अ‍ॅप सुचवेल ते ऐकत गेले तर मला सगळं एकसारखं, गुळगुळीत वाटायला लागलं. त्यापेक्षा देश बदलावा. जपानचे 'कॅसिओपिया' आणि 'टी-स्क्वेअर' हे बँड ऐका. आर्मेनियाच्या तिग्रान हमास्यानच्या पियानोत तिथल्या लोकधुना आणि हेवी मेटलचा ठोका एकत्र येतात. मला हा आजचा सगळ्यात ताजा आवाज वाटतो.

*

जपानचा विषय निघालाच आहे तर पियानोवादक हिरोमी उएहारा राहायला नको! तिचा 'व्हॉइस' (२०११) लावा. अँथनी जॅक्सनचा बास, सायमन फिलिप्सचे ड्रम्स. दोघांचीही नावं शोधून पुढे जा, बराच काळ पुरेल इतकं ऐकायला मिळेल.