राजा असला तरी पक्ष शोभेचे नसतात

राजा वंशपरंपरेने येतो, मग निवडणुका आणि पक्ष नावापुरतेच, असं काही जण म्हणतात. मला हे सरसकट पटत नाही. राजा आणि संसद यांचं पटलं नाही तर माघार कोण घेतं, ते बघायला हवं.

बेल्जियमचंच घ्या. १९९० मध्ये संसदेने गर्भपाताला परवानगी देणारा कायदा मंजूर केला, पण राजे बोदुआँ यांचं मन सही करायला धजेना. ते श्रद्धाळू कॅथलिक होते, आणि त्यांची ती घालमेल मला खोटी वाटत नाही. मंत्रिमंडळाने राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या आणि ५ एप्रिलला संसदेने राजाला पुन्हा अधिकार बहाल केले. कायदा झाला, राजाही राहिला!

स्वीडनने तर १९७४ च्या राज्यघटनेत पंतप्रधानपदासाठी नाव सुचवायचं कामच राजाकडून काढून सभापतींकडे दिलं.

कुवेतमध्ये मात्र पक्ष नावापुरतेच हे म्हणणं लागू पडतं. तिथे राजकीय पक्षांना कायदेशीर मान्यता नाही, पंतप्रधानाला अमीर, म्हणजे तिथले राजे, नेमतात, आणि मे २०२४ मध्ये अमीरांनी निवडून आलेली संसदच बरखास्त केली.