डेक्सा 'ठीक' आला तरी आईचं मनगट मोडलं, कसं काय? मदत हवी आहे

रंकाळाकाठ: आई मोरीत घसरली, नुसता हात टेकला तर मनगट मोडलं. सुजेमुळं बांगड्या कापून काढायला लागल्या. डेक्साचा (हाडाची घनता मोजणारा स्कॅन) टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा, उणे 1.8, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसमध्ये (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) बसत नाही, तरी डॉक्टर म्हणाले हाडाची क्वालिटी गेलीय आणि लगेच पुढचा पेशंट आत घेतला. ही क्वालिटी रिपोर्टात कुठं असते? मशीन चुकलंय का, दुसरीकडं परत करू? गुरुवारी दाखवायचंय, लवकर सांगा.

शाहूपुरीकर: वय? शुगर? गोळ्या कुठल्या? काहीच लिहिलं नाहीस भावा.

पांढरारस्सा: आठवड्यातनं दोनदा नळ्यांचा रस्सा द्या. आमची आज्जी त्यावरच ठणठणीत होती.

परांचीवाला: रश्श्यात कॅल्शियम कितीसं उतरतंय? ती नळी टोकाला उभी फोडून बघा, आत जाळी दिसंल. मी बांधकामातला माणूस, ती जाळी म्हणजे आपली परांचीच. मधली एक आडवी काढली की उभ्याची मोकळी लांबी दुप्पट होते आणि वाकायला ताकद पाव लागते. माल थोडाच कमी झाला पण सांगाडा गेला. डेक्सा माल मोजतंय, आडव्या किती तुटल्या ते त्या आकड्यात दिसत नाही.

पांढरारस्सा: मी अनुभव सांगितला, तुम्ही हिशोब सांगताय.

रंकाळाकाठ: वय 63. शुगर आहे पण गोळीवर कंट्रोल आहे, तिचा हाडाशी काय संबंध?

गंगावेस: लई संबंध आहे. टाइप 2 मध्ये डेक्सा बऱ्याचदा चांगला येतो आणि हाड तरी मोडतं, कारण साखर हाडातल्या कोलाजेनला (लवचिकता देणारं प्रथिन) चिकटून त्याची लवचिकता घालवते. बारीक तडे रोज सगळ्यांनाच जातात, शरीर ते खरवडून नवीन भरतं, शुगरमध्ये हे काम मंदावतं. स्टेरॉइड कधी घेतलंय का?

मर्दानी९: प्लास्टर सहा आठवडे राहतं, बोटं हलवत ऱ्हावा.

रंकाळाकाठ: तसलं काही नाही. संधिवाताची एक छोटी गोळी आहे फक्त. थांबा, पाकीट बघतो. प्रेडनिसोलोन 5, चार वर्षं झाली.

शाहूपुरीकर: अरे हेच स्टेरॉइड! पहिल्यांदा सांगायचं ना. ती बंद करा आधी.

गंगावेस: अजिबात नको, अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, डॉक्टरच हळूहळू कमी करतील. या गोळीनं हाड भरणाऱ्या पेशी मंदावतात, म्हणून त्याच टी-स्कोअरला हिच्या हाडाला धोका जास्त. परत डेक्सा नको. त्याच कमरेच्या स्कॅनवरनं टीबीएस काढता येतो, जाळीचा अंदाज देतो, सेंटरला सॉफ्टवेअर आहे का विचारा. फ्रॅक्स (हाड मोडायचा धोका काढायचा हिशोब) पण काढायला सांगा, त्यात स्टेरॉइड आणि संधिवात दोन्ही धरतात. आणि मणक्याचा एक्स-रे, उंची कमी झालीय का?

रंकाळाकाठ: ओटा उंच झालाय म्हणते वर्षभर, आम्ही लक्षच दिलं नाही. आत्ता दाराच्या चौकटीला उभी करून मोजतो.