अनुभव धागा: तुमच्याकडचे शिंजीर

गॅलरीत, परसात, शेताच्या बांधावर शिंजीर (सनबर्ड, फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी) काय करताना पाहिलेत? स्वतः पाहिलेलंच लिहा, फॉरवर्ड नकोत. आणि कृपया 'आमच्याकडे हमिंगबर्ड आला' नको. ते अमेरिका खंडांतले. भारतात दिसतो तो शिंजीर.

पुणे : कपडे वाळत घालायच्या तारेवर मादीने घरटं केलं. आधी कोळ्याची जाळी तारेला गुंडाळली, खाली वाळकी पानं, सालीचे कपटे, अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवत लांबट झुबका केला. मग आत शिरून छातीने दाबत पोकळी केली. दार बाजूला, वर छोटा छज्जा! नर केबलवर बसून नुसता गात होता. पिल्लं झाल्यावर मात्र दोघंही भरवायला. चोचीत दरवेळी कोळी नाहीतर अळी. मधावर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना प्रथिनं लागतात. तेव्हापासून कुंड्यांवर औषध मारणं बंद. कपडे? घरात वाळले.

रत्नागिरी : आमच्या कलमांवर बांडगूळ आहे. त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतो, परागीभवन करतो. फळं खातो फुलटोच्या, हा दुसरा छोटा पक्षी, आणि चिकट बी फांदीला पुसतो. झालं, नवा भाडेकरू! बाबा दोघांनाही शिव्या घालतात.

नाशिक : विणीच्या दिवसांत नर स्कूटरच्या आरशाशी भांडतो. आरशावर जुना मोजा चढवा, भांडण मिटतं.

ठाणे : जास्वंदीच्या देठाजवळ बारीक भोक दिसलं तर किड्यावर आळ घेऊ नका. शिंजीर बाहेरूनच चोच खुपसून मध पितो. परागकणांना स्पर्शही नाही, म्हणजे चक्क चोरी.

कॅलिफोर्निया : आमच्याकडे खरेच हमिंगबर्ड, अ‍ॅनाज जातीचे, वर्षभर. त्यांच्या फीडरमध्ये, म्हणजे टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यात, एक भाग साखर, चार भाग पाणी. लाल रंग अजिबात घालायचा नाही. एक नर अख्खा फीडर अडवून बसतो. थंड रात्री शरीराचं तापमान उतरवून निपचित पडतात, नाहीतर सकाळपर्यंत ऊर्जा पुरायची नाही. हवेत थांबून पितात, मागेही उडतात. शिंजीर क्षणभर तरंगतो, पण शक्यतो फांदीवर टेकूनच पितो.

सोलापूर : पिवळट पोटावर मधोमध काळी पट्टी असलेला दिसला. हा कोणता?

पुणे : जांभळा शिंजीरच, नर. वीण संपली की झळाळी उतरते, पट्टी तेवढी उरते. फोटो असेल तर टाका.