मदत हवी आहे: पद्मिनीला दुसरं इंजिन बसवलं आणि कार्बोरेटर ओव्हर व्हायला (पेट्रोल ओघळायला) लागला

नमस्कार मंडळी,

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८३ ची, पेट्रोल, स्टिअरिंगवरचा गिअर. वडिलांची आहे, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको. मूळ इंजिन गेल्या पावसाळ्यात जाम झालं, उघडलं तर ब्लॉकलाच चीर. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून तसलंच १०८९ सीसीचं दुसरं आणलं. (कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या पोरीला काळीजही कुर्ल्याचंच मिळालं, इति आई.) इथे साताऱ्यात मिस्त्रींनी दोन दिवसांत बसवलं, दुसऱ्या सेल्फला सुरू झालं, कंदी पेढे वाटून झाले. घोळ त्यानंतरचा.

थंड असताना पाच-सात मिनिटं झकास चालते. मग स्लो रनिंगला लडबडायला लागते, मागून काळा धूर, आणि केबिनमध्ये पेट्रोलचा वास इतका की बायको बसायला तयार नाही. एअर क्लीनर काढून डोकावलो तर नोझलमधून पेट्रोल नुसतं ओघळत होतं, तेही स्लो रनिंगला. प्लग चारही काळे आणि ओले. बंद करून पुन्हा सुरू करायची तर ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरायचा आणि सेल्फ मारत बसायचं. बॅटरी त्यातच अर्धी संपते.

कार्बोरेटर जुन्या इंजिनवरचाच सोलेक्स आहे. आतापर्यंत तीनदा खोलला. किट टाकलं, म्हणजे नीडल व्हॉल्व्हही (बाऊल, म्हणजे कार्बोरेटरची पेट्रोलची वाटी, भरली की पेट्रोल अडवणारी सुई) नवा. फ्लोट (वाटीत तरंगून ती सुई ढकलणारा) गरम पाण्यात बुडवून पाहिला, एकही बुडबुडा नाही. व्हॉल्व्हखाली एक वायसर जादा घालून वाटीतल्या पेट्रोलची लेव्हल खाली आणली, त्याने पाच मिनिटांची दहा मिनिटं झाली इतकंच. चोक पूर्ण परत जातो. फिल्टर नवा.

मिस्त्रींचं म्हणणं, कार्बोरेटर म्हातारा झाला, दुसरा आणा. मला पटत नाही. हाच कार्बोरेटर जुन्या इंजिनवर कधी थेंबभर ओव्हर झाला नव्हता. इंजिन बदललं म्हणून तो कसा बिघडेल? कुठे बघू?

प्रतिसाद १
ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल, दुसरं काय! जुने रबरी पाइप आतून सुटतात, त्याचा कचरा नीडलच्या सीटवर अडकतो आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही. माझ्या स्कूटरला हेच झालं. सगळे पाइप बदला.

धागाकर्ता
पाइप इंजिनसोबतच नवे टाकलेत. आणि तिन्ही वेळा खोलल्यावर बाऊल स्वच्छ होता.

प्रतिसाद २ (फिटर, आता निवृत्त)
आधी गाडी सुरू करायची थांबवा आणि डिपस्टिक काढून हुंगा. ऑइल पातळ लागतंय, लेव्हल वर गेलीय, पेट्रोलचा वास येतोय, यातलं एक जरी असलं तरी ऑइल बदलल्याशिवाय सेल्फला हात लावू नका. इतकं ओव्हर होतं तेव्हा पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि बेअरिंगची वाट लागते. दुसरं, गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल सांडतंय, तेव्हा आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा.

आता मुद्द्याचं. कार्बोरेटर तोच, टाकी तीच. एसी पंप (टाकीतून कार्बोरेटरला पेट्रोल चढवणारा) कुठला? जुन्या इंजिनचा काढून लावला, की नव्या इंजिनला होता तोच ठेवला?

धागाकर्ता
काका, ऑइलला वास येतोय. लेव्हलही वरच्या खुणेच्या पुढे. पंप इंजिनसोबत आलेला, तोच आहे. दिसायला सारखाच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

प्रतिसाद २ (फिटर, आता निवृत्त)
मग तिथेच बघा. पेट्रोलचा दाब पंपातल्या डायफ्रॅमखालची स्प्रिंग ठरवते. कोणी किट टाकताना कडक स्प्रिंग घातली असेल तर दाब वाढतो. पंप आणि ब्लॉकमधलं पॅकिंग पातळ असेल तरीही वाढतो, कारण इंजिनचा कॅम पंपाच्या लिव्हरला जास्त ढकलतो आणि स्प्रिंग जास्त दाबली जाते. फ्लोट बिचारा किती जोर लावणार? एवढ्याशा फ्लोटने ढकललेली नीडल दोन-तीन पीएसआय दाब अडवते, त्याच्या पुढे ती उचलली जाणारच. तुमच्या जादा वायसरने थोडा फरक पडला तो त्यामुळेच.

खात्री करायची तर पंपाचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल घेऊन ती कार्बोरेटरच्या अर्धा मीटर वर टांगा आणि तिथून पाइप द्या. अर्ध्या मीटरचा दाब अर्ध्या पीएसआयच्या आसपास. इंजिन बंदच ठेवा, बॅटरीची वायर काढा, हे सगळं उघड्यावर करा, विडीवाल्यांना हाकला. पंधरा मिनिटांत नोझलमधून काही आलं तर नीडल-फ्लोटचा दोष. कोरडं राहिलं तर दोष पंपाकडे, मग गेज लावून आकडा बघा.

आणि जुना पंप फेकला नसेल तर त्याच्याखाली काय होतं ते बघा.

प्रतिसाद ३
अवांतर: इंजिन नंबर आरसी बुकावर चढवून घ्या, नाहीतर पासिंगला अडेल. कुर्ल्याची पावती जपून ठेवा.

धागाकर्ता (चार दिवसांनी)
बाटली टांगली, अर्धा तास कोरडं. म्हणजे तीनदा उगाच कार्बोरेटर खोलला.

ऑइल बदलून शेजारच्या गॅरेजमधला गेज लावला तर काटा पाचच्या वर. जुनं इंजिन गोठ्यात पोत्याखाली पडलंय, त्याचा पंप काढला. त्याच्या आणि ब्लॉकच्या मध्ये बोटाच्या पेराएवढी जाड काळी बेकेलाइटची पट्टी निघाली, दोन्ही बाजूंना कागदी पॅकिंग. नव्या इंजिनवर पट्टीचा पत्ताच नाही, पंप थेट कागदावर बसलेला. कुर्ल्यात कोणीतरी काढून घेतली असणार. मिस्त्रींना दाखवली तर म्हणाले, "मला वाटलं, ही उष्णतेसाठी असते." तेही खरंच आहे म्हणा.

पट्टी घालून तोच पंप बसवला: अडीच. जादा वायसर काढून लेव्हल मूळ जागी आणली. वीस मिनिटं स्लो रनिंगला ठेवली, नोझल कोरडं, धूर नाही. प्लग मात्र घासूनही नीट होत नव्हते, नवेच टाकले.

रविवारी खंबाटकी चढवून बघतो. काका, एक शंका: वर पोचून गरम इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी थोडं पेट्रोल उकळून नोझलमधून येतं, ते या गाड्यांना चालतं ना? की कार्बोरेटरखालचंही पॅकिंग बघू?

प्रतिसाद २ (फिटर, आता निवृत्त)
थोडं चालतं. पण ज्याने पंपाची पट्टी काढली, त्याने कार्बोरेटरखालचं जाड पॅकिंग सोडलं असेल असं वाटत नाही. उचलून बघाच.