मदत हवी: मेव्हन या जावा बिल्ड टूलच्या एमव्हीएन टेस्ट कमांडला नवीन टेस्ट दिसतच नाहीत

वैतागलेला_जावाकर
इंटेलिजेमध्ये (जावाचा एडिटर) सगळं हिरवं. टर्मिनलवर एमव्हीएन टेस्ट मारलं की जुन्या 31 टेस्ट रन होतात, नवीन 12 चा पत्ताच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, वर 'बिल्ड सक्सेस'. क्लीन करून झालं. संध्याकाळी मर्ज आहे, लवकर सांगा.

गवती_चहा
क्लासची नावं काय आहेत? शुअरफायर, म्हणजे मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगिन, आधी नाव बघतो. नाव टेस्टने सुरू व्हायला हवं, नाहीतर टेस्ट, टेस्ट्स किंवा टेस्टकेसने संपायला हवं. 'स्पेक'ने संपणारा क्लास तो उघडतही नाही. 'आयटी'ने संपणारे फेलसेफ प्लगिनचे, ते एमव्हीएन व्हेरिफायला चालतात. इंटेलिजेला नावाशी देणंघेणं नाही, तो ॲनोटेशन, म्हणजे मेथडवरची @टेस्ट ही खूण, बघतो.

वैतागलेला_जावाकर
नावं 'टेस्ट'नेच संपतात. जुन्यांच्याच पॅकेजमध्ये आहेत.

खटपट्या
मेव्हन सोडा, ग्रेडल घ्या. हे असले छळ नाहीत.

अर्धविराम
@खटपट्या, ग्रेडलमध्ये यूज-जेयुनिट-प्लॅटफॉर्म (जेयुनिट म्हणजे जावाची टेस्ट लायब्ररी) ही ओळ राहिली तर अगदी हाच छळ होतो. आणि संध्याकाळच्या मर्जला बिल्ड टूल बदलायचं?
धागाकर्ते, तीन गोष्टी द्या. नवीन टेस्टमध्ये @टेस्ट कुठून इम्पोर्ट केलंय, मेव्हन कुठलं, आणि लॉगमध्ये टेस्ट सुरू होण्याआधी शुअरफायरच्या ओळीत आकडा काय दिसतो?

नाग_पंचमी
पायटेस्टमध्ये (पायथनचं टेस्ट टूल) फाइलचं नाव टेस्ट अंडरस्कोरने सुरू व्हावं लागतं किंवा अंडरस्कोर टेस्टने संपावं लागतं, फंक्शनचं टेस्टने सुरू व्हावं लागतं. इनिट असलेला टेस्ट क्लासही वगळला जातो. एकही टेस्ट सापडली नाही तर एक्झिट कोड 5 येतो, म्हणजे सीआय (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) निदान लाल तरी होतं.

अर्धविराम
धागा जावाचा आहे हो.

वैतागलेला_जावाकर
नवीन: ऑर्ग.जेयुनिट.ज्युपिटर.एपीआय.टेस्ट. जुन्या: ऑर्ग.जेयुनिट.टेस्ट. मेव्हन 3.8. लॉगमध्ये 2.12.4. पण पॉममध्ये (मेव्हनची सेटिंग फाइल) मी शुअरफायर लिहिलेलंच नाही!

अर्धविराम
म्हणूनच. आवृत्ती दिली नाही तर मेव्हन 3.8 आपणहून 2.12.4 उचलतं. ज्युपिटर हे जेयुनिट 5 चं. जेयुनिट 5 आलं 2017 मध्ये, 2.12.4 त्याच्या कितीतरी आधीचं. त्याला जुन्या टेस्टचं जेयुनिट 4 दिसलं, त्याने त्याचा प्रोव्हायडर (टेस्ट चालवणारा भाग) लावला. ज्युपिटरचं @टेस्ट त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही, मग वॉर्निंग कशाची देणार? शुअरफायरला जेयुनिट प्लॅटफॉर्म (जेयुनिट 5 चा पाया) थेट समजायला 2.22.0 पासून लागलं. पॉमच्या बिल्डमधल्या प्लगिन्समध्ये शुअरफायर 3.2.5 लिहा.

गवती_चहा
आणि फेल-इफ-नो-टेस्ट्स ट्रू करा. डीफॉल्ट फॉल्स असतं.

अर्धविराम
इथे उपयोग शून्य. 31 टेस्ट रन होताहेत ना! ते सेटिंग एकही सापडली नाही तरच ओरडतं.

गवती_चहा
या केसला नसेल. निव्वळ ज्युपिटरच्या मॉड्यूलमध्ये 'टेस्ट्स रन: 0' येऊन बिल्ड पास होतो, तिथे तेच वाचवतं. सरसकट लावावं या मताचा मी आहे.

अर्धविराम
मल्टी-मॉड्यूलमध्ये ज्या मॉड्यूलला टेस्टच नाहीत तेही पडतील. सरसकट नको.

वैतागलेला_जावाकर
3.2.5 केलं. आता नवीन 12 रन होतात आणि जुन्या 31 गायब!! हे काय?

अर्धविराम
बरोबर आहे. आता प्लॅटफॉर्म प्रोव्हायडर आला, आणि त्याच्याकडे फक्त ज्युपिटरचं इंजिन आहे. जुन्या टेस्टसाठी जेयुनिट-व्हिंटेज-इंजिन (जेयुनिट 4 च्या टेस्ट चालवणारं) डिपेंडन्सीत टाका, स्कोप टेस्ट. आवृत्ती ज्युपिटरचीच हवी. जेयुनिट-बॉम (आवृत्त्यांची एकत्र यादी) इम्पोर्ट केलात तर वेगळी द्यावी लागत नाही. जेयुनिट 4 निदान 4.12 असू द्या. मग एमव्हीएन क्लीन टेस्ट. बेरीज 43 यायला हवी, 'सक्सेस' शब्दावर जाऊ नका.

खटपट्या
बघा, तीन डिपेंडन्सी आणि एक प्लगिन. म्हणून म्हणतो ग्रेडल.

गवती_चहा
व्हिंटेज तिथेही टाकावंच लागतं.
धागाकर्ते, जुने क्लास नवीनवर नेताना ऑर्ग.जेयुनिट.बिफोर तसंच ठेवू नका. ज्युपिटर ते बघत नाही, सेटअप चालत नाही आणि टेस्ट नल पॉइंटर एररने पडते. तिथे बिफोर-ईच हवं. शिवाय प्रायव्हेट किंवा स्टॅटिक मेथडवर @टेस्ट लावलं तर ती टेस्ट धरली जात नाही. पब्लिक मात्र लागत नाही.

वैतागलेला_जावाकर
43 आल्या. 2 फेल आहेत, पण त्या माझ्या नाहीत. धन्यवाद.

सातारी_कंदी
माझ्याकडे शुअरफायर 3.2.5, सगळ्या टेस्ट ज्युपिटरच्या, तरी 0 येतात. व्हिंटेज टाकू का?

अर्धविराम
नको, तुमच्याकडे जेयुनिट 4 नाहीच. एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री मारा आणि त्यात टेस्टएनजी (जावाची दुसरी टेस्ट लायब्ररी) शोधा. ते कुठूनतरी आत आलं असेल तर शुअरफायर त्याचाच प्रोव्हायडर निवडतो. एक्सक्लूड करा. नसेल तर पॉमसकट वेगळा धागा काढा.