रिस्टोअर झालेले, म्हणजे खराब झालेल्या फिल्मवरून दुरुस्त केलेले जुने सिनेमे डिस्कवर हवेत की नकोत?

रीळवेडा
'पथेर पांचाली'ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळली. पुढे इटलीत बोलोन्यातल्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ पट्टीत पुन्हा ओलावा आणला, वितळलेला टेप नि डिंक काढला, कडेची तुटकी छिद्रं दुरुस्त केली. जो भाग गेलाच होता, तो दुसऱ्या प्रतींवरून घेतला. २०१५ मध्ये ब्ल्यू-रे, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्र देणारी डिस्क, आली. राखेतून हे होतं, तर धडधाकट निगेटिव्ह असलेल्या सिनेमांचं काय अडलंय? रिस्टोअर होतात, महोत्सवात एखादा खेळ होतो, टाळ्या पडतात, की परत कपाटात. माझं म्हणणं एवढंच, विकत द्या!

अडगळनको
विकत घेणार कोण? तू आणि तुझ्यासारखे चार जण. ओप्पोसारख्या नावाजलेल्या कंपनीने २०१८ मध्येच ब्ल्यू-रे प्लेअर बनवणं थांबवलं. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. तेच पैसे आणखी दोन सिनेमे वाचवायला लावा आणि स्ट्रीमिंगवर टाका. ज्याने जुना सिनेमा कधी पाहिलाच नाही, तो डिस्क मागवून बघणार आहे का?

रीळवेडा
नाही बघणार, कबूल. पण स्ट्रीमिंगवरचा सिनेमा हक्काची मुदत संपली की गायब. शिवाय फिल्मचे दाणे, म्हणजे चित्रावर दिसणारे बारीक ठिपके, दर फ्रेमला नवे पडतात; फाइल लहान करणाऱ्या कॉम्प्रेशनला ते झेपत नाहीत. ब्ल्यू-रेवर चित्राला सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत डेटाची जागा असते. स्ट्रीमिंगला साधारण त्याहून बरीच कमी मिळते, मग धुक्याच्या प्रसंगात नुसते चौकोन नाचतात.

काळापांढरा
दोघंही रिस्टोरेशन चांगलंच झालंय असं धरून चाललाय. मी घेतलेल्या एका 'नव्या' डिस्कवर दाणे इतके घासून काढलेत की नायक मेणाचा वाटतो. रात्रीचे प्रसंग निळे-हिरवे. छायालेखकाला हे दाखवलं असतं तर त्याने हाय खाल्ली असती. असलं काम कायमचं डिस्कवर छापण्यापेक्षा स्ट्रीमिंग बरं, निदान चूक सुधारता तरी येते.

अडगळनको
बघा! मी काय म्हणत होतो?

रीळवेडा
सुधारता येते, तशी बिघडवताही येते, आणि कुणाला पत्ता लागत नाही. एके दिवशी फाइल बदलली की आधीचे रंग कसे होते हे सांगणार कोण? काळापांढरा, ती रात्र आधी निळी नव्हती हे तुला कशावरून कळलं?

काळापांढरा
…जुन्या डीव्हीडीवरून.

अडगळनको
बरं, ठेवा डीव्हीडी. प्लेअर बिघडला की माझ्याकडे रडत येऊ नका.