कॅथलिक हायस्कूलमध्ये सोशल स्टडीज कसं शिकवतात?

सोनचाफा:
आम्ही अमेरिकेत असतो. मुलगी आठवीत आहे. पुढच्या वर्षासाठी सरकारी पब्लिक स्कूलबरोबर जवळच्या कॅथलिक हायस्कूलचाही विचार चाललाय. तिथलं गणित-विज्ञान चांगलं आहे असं सगळेच सांगतात, पण माझी लेक इतिहासवेडी आहे आणि पुढे कायदा शिकायचं म्हणते. आम्ही हिंदू. इतिहास, सरकार हे विषय तिथे चर्चच्या चष्म्यातून शिकवले जातात का? एपीचं, म्हणजे शाळेतच घेता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सेसचं काय? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

रानवारा:
आमचा मुलगा शिकला अशा शाळेत. थिऑलॉजी (धर्मशास्त्र) चारही वर्षं सक्तीची, पण तो वेगळा तास. सोशल स्टडीजमध्ये प्रार्थना वगैरे काही नव्हतं. अडचण झाली ती इलेक्टिव्हची, म्हणजे ऐच्छिक विषयांची. थिऑलॉजीने एक तास कायमचा अडवल्यामुळे इकॉनॉमिक्स आणि सायकॉलॉजी यांतलं एकच घेता आलं.

पाऊलवाट:
सोनचाफा, मी अशाच एका शाळेत यूएस हिस्टरी आणि गव्हर्नमेंट शिकवते. मी कॅथलिक नाही, तरी हे विषय इथे शिकवायला मला मनापासून आवडतं. का ते सांगते.

एपीची काळजी सोडा. कोर्सला एपी म्हणायचं तर शिक्षकाला एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाची मंजुरी घ्यावी लागते आणि मे महिन्यातली परीक्षा सगळ्या शाळांना एकच. एपी गव्हर्नमेंटमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे १४ निकाल सगळीकडे सक्तीचे आहेत. त्यांतला १९६२ चा एंगेल विरुद्ध विटाली घ्या. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये सरकारी मंडळाने लिहिलेली प्रार्थना म्हणायची प्रथा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. माझ्या वर्गातली मुलं लगेच विचारतात, ‘मग आपण रोज सकाळी करतो ती?’ बंधन सरकारवर आहे, खाजगी शाळेवर नाही, हे त्या एका प्रश्नातून जितकं पक्कं होतं तितकं पुस्तकातून होत नाही. त्याला जोडून मी १९२५ चा पिअर्स निकाल घेते. तो सक्तीच्या यादीत नाही, पण इथल्या मुलांना तो माहीत असायलाच हवा. ८ ते १६ वयाच्या मुलांनी सरकारी शाळेतच जायचं असा कायदा ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये केला होता. नन्सच्या एका संस्थेने तो न्यायालयात नेला आणि सर्वोच्च न्यायालयाने एकमताने रद्द ठरवला. या शाळा आज उभ्या आहेत त्यामागे हा निकाल आहे.

चर्चचा दृष्टिकोन येतोच, मी नाकारत नाही. १८९२ चा होमस्टेडच्या पोलाद कामगारांचा संप शिकवताना पोप लिओ तेरावे यांचं १८९१ चं ‘रेरूम नोव्हारम’ हे पत्र वाचायला देते. त्यात कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्काची बाजू घेतली आहे, खाजगी मालमत्तेचीही, आणि समाजवादाला विरोध आहे. मुलं त्यावर कडाडून भांडतात, आणि मला तेच हवं असतं.

पण शाळेची खरी परीक्षा वेगळीच. १८३८ मध्ये मेरिलँडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी २७२ गुलाम माणसं, त्यांत लहान मुलंही, लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. त्यातला काही पैसा त्यांच्या जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. हे वर्गात मूळ कागदपत्रांसकट शिकवतात का, ते विचारा. ज्या शाळेत ते मोकळेपणाने शिकवलं जातं, तिथे तुमची मुलगी इतिहासच शिकेल.

झुळूक:
एक राहिलं. १९६९ च्या टिंकर निकालाने व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळी फीत बांधणाऱ्या मुलांना जे संरक्षण दिलं, ते सरकारी शाळेतल्या मुलांना. खाजगी शाळेत हँडबुक, म्हणजे शाळेची नियमावली, म्हणेल ते. वकील व्हायचं स्वप्न असलेल्या मुलीला हे आधीच माहीत असू दे.

पाऊलवाट:
झुळूक, अगदी बरोबर. सही करण्याआधी हँडबुक वाचाच. गर्भपातासारख्या विषयावर वर्गात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद वाचता येतात, पण शाळेची अधिकृत भूमिका ठरलेली असते. शाळेतर्फे जानेवारीत मुलं वॉशिंग्टनच्या मार्च फॉर लाइफ या गर्भपातविरोधी मोर्चाला जात असतील, तर ते ऐच्छिक आहे ना, हेही विचारा.

सोनचाफा:
खूप आभार! ओपन हाऊसला, म्हणजे शाळा पालकांना बघायला बोलावते त्या दिवशी, हे सगळं विचारलं तर आगाऊपणा वाटेल का हो? आणि आपल्याकडच्या इतिहासाचं काय?

पाऊलवाट:
मुळीच नाही. पण हे अ‍ॅडमिशनवाल्यांना विचारू नका, थेट सोशल स्टडीजच्या विभागप्रमुखांना गाठा. मागच्या वर्षीचा सिलॅबस आणि निबंधाचा एखादा प्रश्न मागा. एपी वर्ल्ड हिस्टरी साधारण इ. स. १२०० पासून सुरू होतं. त्यात दिल्ली सल्तनत, विजयनगर, भक्ती चळवळ येते. किती वेळ देतात ते शिक्षकावर, तेव्हा तेही विचारा. आणि मुलीला शॅडो डेला, म्हणजे तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याबरोबर दिवसभर तासांना बसायला, पाठवा. त्या दिवशी इतिहासाचा तास असेल असं बघा, नाहीतर जिम आणि कॅफेटेरिया बघून परत येईल.